नळी थांबली आणि गूळ वाटला

डॉक्टरबाईंच्या खोलीत मी डोक्यावर रिकामी बादली घेऊन बाईसारखा चालत होतो. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. डॉक्टरबाई खुर्चीत, हनुवटीला पेन टेकवून. मार्था सिस्टर दाराला पाठ लावून उभ्या, बाहेरचं कुणी आत डोकावू नये म्हणून.

"परत," सिस्टर म्हणाल्या. "आणि हळू. बादलीचं सोड. पाय कसे टाकत होती तेवढं कर."

मी परत चाललो. गुडघे एकमेकांना चिकटवून, पावलं बारीक. भला रुंद रस्ता असूनही फळीवरून चालल्यासारखं. मधेच एक पाऊल फाकायचं, चेहरा जरा आवळायचा, की लगेच गुडघे परत जवळ.

"थांब." सिस्टरनी डॉक्टरबाईंकडे बघितलं. "मांड्या सोलल्या आहेत तिच्या."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवला. लुगडं कुठून कुठपर्यंत ओलं होतं, विचारलं. मागून, मी म्हणालो. कमरेच्या खालपासून पार घोट्यापर्यंत. माझ्या नकलेवर लोक हसले नाहीत की मला घाम फुटतो. त्या दिवशीही फुटला.

आधी माझं सांगतो. मी नगरच्या एका दवाखान्यात फिल्ड वर्कर आहे. ऐकायला भारी वाटतं. काम एवढंच की जीपच्या टपावर भोंगा बांधायचा, गावोगाव जायचं आणि ओरडायचं. लस आली, डोळ्याचे डॉक्टर आले, पोरांना घेऊन या. श्रीरामपूरला शाळेत असताना मी हेडमास्तरांच्या आवाजात एकदा शाळा सोडून दिली होती. दुपारीच. सगळी पोरं घरी गेली, दोन मास्तरही गेले. दवाखान्याच्या इंटरव्ह्यूत डॉक्टरबाईंनी विचारलं, तुला काय येतं? मी हेच सांगितलं. त्या हसल्या नाहीत, पण नोकरी दिली.

पुढं त्यांच्या ध्यानात आलं की मला पेशंटचं वर्णन तोंडानं करता येत नाही. पोटात दुखतं म्हणजे कुठं, विचारलं की मी गडबडतो. पण तो माणूस कसा उठतो, कसा खोकतो, कुठल्या बाजूवर भार देतो, ते मी करून दाखवतो. तेव्हापासून फिल्डवरून आलो की त्यांच्या खोलीत हजेरी. बघितलेलं करून दाखवायचं. मग त्या ठरवायच्या, कुणाला नगरला आणायचं.

आता ही बाई. परवाच्या दुष्काळात आमची जीप जामखेडच्या पुढं खर्ड्याच्या बाजूला जायची. तिथं पाझर तलावाचं काम चाललं होतं. शेकडो माणसं माती वाहत होती. आम्ही कॉलऱ्याची लस टोचायचो, पिण्याच्या पिंपात ब्लिचिंग पावडर टाकायचो. द्वारका नावाची बाई तिथं पाणी पाजायला होती. डोक्यावर हंडा, हातात तांब्या, या टोळीकडून त्या टोळीकडे. आणि तिचं लुगडं कायम ओलं. मुकादम सगळ्यांसमोर ओरडायचा, "द्वारके, पानी लोकांना पाजायचं हाय का लुगड्याला?" ती पुढच्या टोळीकडे वळायची. लोक हसायचे.

पाण्यासाठी माणसं पिंपाच्या तळाशी तांब्या खरवडत होती असलं ते साल. त्यात एवढं पाणी सांडणारी बाई मला खटकली. म्हणून मी नीट बघितलं. नक्कल करायची तर नीट बघायलाच लागतं. हंडा अजिबात हलत नव्हता. मान ताठ, हंडा जागच्या जागी. वाकून तांब्या भरतानाही थेंब इकडचा तिकडं होत नव्हता. मग लुगडं कशानं भिजत होतं, हे मला कळेना. तेवढंच कळलं नाही, बाकी सगळी नक्कल मला आली होती.

ते डॉक्टरबाईंनी सांगितलं. मला सांगताना त्यांनी आधी पंखा बंद केला. कागद उडत होते म्हणून की काय, माहीत नाही.

बाळंतपणात बाळ अडतं. दोन-दोन, तीन-तीन दिवस बाई कळा देत असते. दवाखाना लांब. बाळाचं डोकं लघवीच्या पिशवीला पुढच्या हाडावर दाबून धरतं. तेवढ्या जागेचं रक्त थांबतं, मांस मरतं, आणि आठवड्याभरात गळून पडतं. तिथं भोक राहतं. मग लघवी पिशवीत थांबतच नाही. उठता, बसता, झोपता, थेंब थेंब गळत राहते. बाईच्या हातात काही नसतं. बाळ बहुतेक वेळा गेलेलं असतं. राहते ही गळती, आणि वास. घरातले तिला गोठ्यात झोपवतात. देवीचा कोप म्हणतात, कुणाची करणी म्हणतात.

"ह्याला ऑपरेशन आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी शिकून आले आहे. पेशंट येत नाहीत. ह्या बायका सापडतच नाहीत."

सापडणार कशा? मी भोंग्यावर काय ओरडणार होतो? देवी, कॉलरा, खरूज, सगळं ओरडून झालं होतं. हे कसं ओरडायचं?

आणि ही बाई तर भर उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांपुढं फिरत होती. पाण्याचं काम तिनं मुद्दाम धरलं होतं. पाणी वाहणाऱ्या बाईचं लुगडं ओलं, त्यात काय एवढं. मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या की झालं. शिव्या म्हणजे तिचं पांघरूण होतं.

पुढच्या फेरीला सिस्टर जीपमधून आल्या. मी पुरुष माणूस, त्यातून थट्टेखोर म्हणून तालुक्यात प्रसिद्ध, त्यामुळे मला बोलायची बंदी. सिस्टरनी पिंपं तपासायच्या निमित्तानं द्वारकाबाईला जीपच्या आडोशाला नेलं. मी बाहेर पावडर ढवळत उभा. मग रडणं ऐकू आलं, तेही तोंडात पदर कोंबून.

तेवढ्यात एक उंच माणूस खांद्यावर कुदळ घेऊन तरातरा आला. तिचा नवरा, नामदेव. भिंतीच्या टोळीत होता. मला वाटलं, आता कुदळ माझ्या डोक्यात.

"काय इचारताय तिला?"

मी म्हणालो, सिस्टर बोलताहेत, बायकांचं काही आहे.

"तिला काय न्हाई झालं," तो म्हणाला. "पानी सांडतंय. लोकं तिच्या हातचं पेत्यात, कळतंय का? कोनाला संशय आला तर उद्या कोन पेनार न्हाई. तिचं काम जाईल, आन् मपलंबी."

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. नवऱ्यानं टाकलेली बाई असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. ह्यानं टाकली नव्हती. दोघं मिळून दोन वर्षं ती गोष्ट लपवत होते. पाण्याचं काम मुकादमाच्या हातापाया पडून त्यानंच मिळवून दिलं होतं. लुगडी तोच पहाटे ओढ्याच्या डबक्यात पिळून आणायचा.

सिस्टर बाहेर आल्या आणि त्याला सरळ म्हणाल्या, बरं होऊ शकतं. त्यानं कुदळ खाली ठेवली. मग कुदळीवरच बसला.

आता त्यांना नेणार कसं? दवाखान्यात नेलं म्हटलं की शंभर तोंडं. मी म्हणालो, एक काम करतो. टपावर चढलो आणि भोंग्यावरून, माझ्या नेहमीच्या आवाजात, जाहीर केलं की नगरच्या दवाखान्यात पाणी भरायला जोडपं पाहिजे, बाई अनुभवी पाहिजे. मुकादमानं स्वतः द्वारकाबाईचं नाव पुढं केलं. सांडणारी बाई गेली तर त्याला बरंच होतं.

जीपमध्ये ती मागं, पोत्यावर उकिडवी बसली. सीटवर बसा म्हटलं तर नको म्हणाली. नगरपर्यंत तशीच, एका हातानं दांडी धरून. ड्रायव्हर रशीदभाईंनी एकदा आरशातून बघितलं आणि सगळे खड्डे चुकवत हळू गाडी चालवली. एरवी ते खड्डा शोधून चालवतात.

दवाखान्यात आधी तपासणी. लघवीच्या पिशवीत निळं औषध सोडायचं, खालच्या बाजूला कापसाचे बोळे ठेवायचे आणि बघायचं. बोळा निळा आला, म्हणजे भोक आहे आणि कुठं आहे तेही कळतं. बोळा निळा आला.

"होईल," डॉक्टरबाई मला आणि सिस्टरना म्हणाल्या. नामदेव तेव्हा नव्हता. "पण पहिल्यांदाच झालं पाहिजे. पहिलं फसलं की दुसऱ्याला कापड उरत नाही. विरलेल्या धोतराला ठिगळ लावल्यासारखं होतं. टाका धरतच नाही."

हे मी ऐकायला नको होतं.

आधी मांड्यांच्या जखमा भरून आल्या. सिस्टरनी मलम लावलं, अंडी खायला घातली. मग ऑपरेशन झालं. कमरेत इंजेक्शन देऊन करतात, माणूस जागा असतो. नामदेव व्हरांड्यात बसून होता, मी शेजारी. तो म्हणाला, काहीतरी बोला वो, तुमी तर लई बोलता. मी त्याला चहा आणून दिला. तो गार झाला.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. टाके चांगले बसलेत, म्हणाल्या. आता दोन आठवडे सांभाळायचं.

सांभाळायचं म्हणजे काय, तर पिशवीत एक रबरी नळी घातलेली असते. तिचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत. लघवी आली की नळीतून थेट बाटलीत. पिशवी रिकामी राहते, टाक्यांवर ताण येत नाही. नळी चोवीस तास गळत राहिली पाहिजे. पेशंटनं पाणी भरपूर प्यायचं, म्हणजे नळी धुतल्यासारखी वाहती राहते, चोंदत नाही. नळी बंद पडली तर पिशवी फुगणार. फुगली की टाके उसवणार. एवढं सगळं त्या एका नळीवर.

मला सिस्टरनी वॉर्डच्या दारात अडवलं. "आत जायचं नाही."

"का?"

"टाके आहेत. खोकला नको, शिंक नको, हसणं तर अजिबात नको. खोकल्याला माझ्याकडे औषध आहे. तुझ्यावर नाही."

मग ठरलं की आत यायचं तर तोंड न उघडता. मी रोज आत जायचो, बाटलीकडं बघायचो, बाहेर यायचो. सिस्टर दर थोड्या वेळानं पेला भरून तिच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "संपवा. पूर्ण. मी बघते." मान जराशी तिरकी, एक भुवई वर, हात कमरेवर. फार नक्कल करण्यासारखं होतं. माझा जीव कासावीस व्हायचा, पण गप्प.

सिस्टर दुसऱ्या खाटेकडं वळल्या, परत आल्या की पेला रिकामा असायचा. सगळं ठीक चाललं होतं.

आठवडा होत आला होता. मी सकाळी फिल्डवर निघायच्या आधी वॉर्डकडं गेलो तर व्हरांड्यात नामदेव उभा. नवा सदरा. हातात कागदाचा पुडा. समोर येईल त्याला गूळ देत होता. झाडूवालीला दिला, रशीदभाईंना दिला, माझ्या तळहातावर मोठा खडा ठेवला. त्याला मी पहिल्यांदा हसताना बघितलं.

"तोंड गोड करा, भोंगेवाले. थांबलं."

"काय थांबलं?"

"गळायचं. सकाळधरनं एक थेंब न्हाई. देवानं ऐकलं."

गूळ माझ्या हातातच राहिला. मी आत पळालो. खाटेखाली वाकलो. बाटलीत रात्रीचं होतं तेवढंच. नळी कोरडी. वर बघितलं तर द्वारकाबाई दोन्ही हातांनी ओटीपोट धरून पडल्या होत्या, कपाळावर घाम, आणि हसत होत्या. दुखतंय का, विचारलं.

"दुखू द्या," त्या म्हणाल्या. "थांबलंय नव्हं."

मी सिस्टरना हाक मारली. कुठल्या आवाजात मारली, आठवत नाही. सिस्टर धावत आल्या, चादर बाजूला केली, आणि मला पाठ करून उभं राहायला सांगितलं. मागून त्यांचा श्वास ऐकू आला. नळी मधेच दुमडलेली होती आणि दुमडीवर लुगड्याची चिंधी घट्ट बांधलेली.

"कुणी बांधलं हे?"

"म्या," द्वारकाबाई म्हणाल्या. "गळतच हुतं वो सिस्टर. ऑपरेशन करून बी गळतच हुतं. आधी खाली गळायचं, आता बाटलीत. तुमी सगळी एवढं करताय, कसं सांगू तुमाला की बरं झालं न्हाई. म्हनलं, आपनच थांबवावं. सवय झाली तर थांबंल."

सिस्टरनी चिंधी सोडली. पिचकारीनं नळीत पाणी सोडलं. पहिल्यांदा काही येईना. मी भिंतीकडं तोंड करून उभा होतो. भिंतीवर एक पाल होती. ती पण हलत नव्हती. मग बाटलीत धार पडल्याचा आवाज आला.

"रक्त आहे," सिस्टर हळू म्हणाल्या. "थोडं."

डॉक्टरबाई ओपीडी सोडून आल्या. त्यांनी बाटली उजेडात धरली. लघवी चहासारखी काळपट होती. एवढं पाणी पिणाऱ्या बाईची लघवी अशी कशी, त्यांनी विचारलं. द्वारकाबाईंनी खाटेशेजारच्या माठाकडं बघितलं. सिस्टरनी माठावरचं झाकण उचललं. माठ काठोकाठ भरलेला. सिस्टरची पाठ वळली की त्या पेला माठात ओतत होत्या. पाणी कमी प्यायलं की कमी गळतं, हे दोन वर्षांत अंगात मुरलेलं. आणि खिडकीतून फेकून द्यायला मन होत नव्हतं. तिकडं लोकं पाण्याविना मरत होती.

"टाके?" सिस्टरनी विचारलं.

"काय सांगणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सुटले असतील, नसतील. आता उघडून बघता येत नाही. नळी काढू तेव्हा कळेल." मग त्यांनी आमच्याकडं बघितलं. "नळी गळायलाच पाहिजे, असं हिला कुणी सांगितलं?"

सिस्टर म्हणाल्या, पाणी पी असं मी रोज सांगते. का प्यायचं ते सांगितलं का, डॉक्टरबाईंनी विचारलं. सिस्टरनी नाही म्हणून मान हलवली. डॉक्टरबाईंनी स्वतःही सांगितलं नव्हतं. थेंब पडतोय म्हणजे बरं चाललंय, हे आम्हाला एवढं माहीत होतं की ते सांगायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. जिला दोन वर्षं थेंबानंच छळलं, तिला आम्ही थेंब पडणारी बाटली खाटेला बांधून दिली होती.

"सुधाकर, तू सांग," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुझं ते ऐकतात."

मी खाटेशी बसलो. नामदेव पायाशी उभा, पुडा अजून हातात. मला सगळ्यांचे आवाज काढता येतात. तेव्हा स्वतःचाच सापडेना. काहीतरी विचारायचं म्हणून नामदेवला विचारलं, तलावाची भिंत घालताना जादा पाणी जायला सांडवा कधी काढता?

"आदी," तो म्हणाला. "भिंत वली हाय तवर पानी तुंबू द्यायचं नस्तं. सांडवा मोकळा लागतो. मदीच पाऊस आला, पानी तुंबलं, की वली भिंत..."

तो थांबला. खाली वाकून त्यानं बाटलीकडं बघितलं, नळीवरून नजर वर खाटेपर्यंत नेली.

"म्हंजी ह्यो सांडवा हाय."

द्वारकाबाईंनी पदर तोंडावर घेतला. आतून आवाज आला, "मंग म्या सांडव्यालाच चिंधी बांधली की वो."

पुढं सांगायला काही उरलंच नाही. नामदेव खाटेजवळ बसला तो उठेना. बायकांचा वॉर्ड, बाहेरच्या पुरुषाला बसायला बंदी, पण डॉक्टरबाईंनी पडदा लावून परवानगी दिली. तो जमिनीवर बसून बाटलीकडं बघत राहायचा. मी दारातून मान वर केली की हळूच म्हणायचा, "चाललाय." पाणी आता तोच पाजायचा. पेला ती पूर्ण संपवेपर्यंत हातातून सोडायचा नाही. गुळाचा पुडा मात्र त्यानं गुंडाळून कोनाड्यात ठेवला. त्याला हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही.

ते दिवस मला फार वाईट गेले. भोंग्यावर मी काय बोलत होतो, मला कळत नव्हतं. एकदा राहात्याच्या बाजारात मी डोळे तपासणीच्या जागी लस सांगितली. परतीच्या वाटेवर रशीदभाई म्हणाले, तुम्हें क्या हुआ है, मियाँ, दोन दिवस झाले एक बी आवाज काढला न्हाई. मी म्हणालो, घसा बसलाय. घसा ठणठणीत होता. मनात एकच हिशेब फिरत होता. चिंधी बांधली सकाळी, सुटली नाश्त्यानंतर. तेवढ्या वेळात पिशवी किती फुगली असेल? टाका किती ताण घेतो? कुणाला विचारणार? डॉक्टरबाईंनाच माहीत नव्हतं.

नळी काढायचा दिवस आला. डॉक्टरबाईंनी आधी निळं औषध सोडलं. आम्ही दोघं बाहेर. सिस्टर दार उघडून आल्या आणि चिमट्यात धरलेला बोळा आमच्यापुढं धरला. पांढरा. नामदेव म्हणाला, निळं टाकायला इसरले तर न्हाईत ना? सिस्टरनी परत आत जाऊन निळ्या पाण्याची बाटली आणून त्याला दाखवली.

पण ते आडवं पडलेलं असताना. खरी परीक्षा उभं राहिल्यावर. पोटावर जोर आला तरी कोरडं राहतं का. नळी काढल्यावर दर थोड्या वेळानं सिस्टर तिला उठवून नेत होत्या. तिला स्वतःहून लघवी लागल्याचं कळत होतं. ते कळलं तेव्हा ती घाबरूनच गेली. विसरली होती कसं वाटतं ते.

दुपारी डॉक्टरबाई आल्या. द्वारकाबाई खाटेशेजारी उभ्या, अंगावर दवाखान्याचं कोरडं, पांढरं लुगडं. खाली फरशी. वॉर्डातल्या सगळ्या बायका उठून बसल्या होत्या. सगळ्यांना माहीत होतं. अशी गोष्ट खर्ड्याच्या रानात दोन वर्षं लपली, आमच्या वॉर्डात आठ दिवस लपली नाही.

"खोका," डॉक्टरबाई म्हणाल्या.

खोकल्या. फरशी कोरडी.

"जोरात."

जोरात खोकल्या. कोरडी.

सिस्टरनी दाराकडं बघितलं. मी उंबऱ्याबाहेर होतो. "सुधाकर, आत ये," त्या म्हणाल्या. "आता हसव."

इतके दिवस मी दात ओठ आवळून काढले होते. माझ्याकडं हेडमास्तर होते, मुकादम होता, रशीदभाईंची जीप होती. मी आत गेलो. सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. नामदेव बघायला लागला. मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. तोंडाला कोरड पडली. मी नुसता उभा. फरशीकडं बघत.

द्वारकाबाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं. वळून माठातून पेला भरला. माझ्या हातात दिला. मग मान जराशी तिरकी केली, एक भुवई वर नेली, हात कमरेवर ठेवला.

"संपवा," त्या म्हणाल्या. "पूर्ण. मी बघते."

मार्था सिस्टर, हुबेहूब. 'म्या'च्या जागी 'मी'सकट. पहिल्यांदा कोपऱ्यातली म्हातारी फुटली, मग सगळा वॉर्ड. डॉक्टरबाईंनी तोंडावर कागद धरला. आणि द्वारकाबाई स्वतः हसायला लागल्या, आधी पदरात, मग पदर सोडून, खाटेची दांडी धरून, वाकून, खोकला येईपर्यंत. मी पाणी प्यायलोच नाही. मी आणि नामदेव खालीच बघत होतो.

सिस्टर तेवढ्या हसल्या नाहीत. त्या गुडघ्यावर बसल्या, फरशीवरून तळहात फिरवला, लुगड्याचा काठ दोन बोटांत चोळून बघितला. उभ्या राहिल्या.

"कोरडी," त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "पेला संपव."

नामदेवनं कोनाड्यातून पुडा काढला. गुळाला मुंग्या लागल्या होत्या. झटकून खाल्ला सगळ्यांनी.

ती दोघं एसटीनं गेली. द्वारकाबाई सीटवर बसल्या, खिडकीपाशी, आणि गाडी सुटेपर्यंत दोनदा उठून सीटवर हात फिरवून बघितला. पुढच्या फेरीला मी साईटवर गेलो तेव्हा डोक्यावर तोच हंडा होता, लुगडं कोरडं होतं. मुकादम मला कौतुकानं सांगत होता की नगरला जाऊन बाई शिकून आली, आता थेंब सांडत नाही.

भोंग्यावर ओरडायची गरज मात्र तिनं ठेवली नाही. त्यानंतर कधीमधी एखादी बाई नवऱ्याबरोबर नाहीतर आईबरोबर दवाखान्यात येते, लाजत उभी राहते आणि एवढंच म्हणते की पानीवालीनं धाडलंय. पाणी पाजता पाजता कुणाचं चालणं कसं आहे, ते द्वारकाबाईंना माझ्यापेक्षा लवकर दिसतं.

मी माझ्या कामात एक बदल केलाय. आधी सगळं सांगून झालं की विचारायचो, समजलं का? पेशंट व्हय म्हणायचा. व्हय म्हणणं सोपं असतं, आणि समोरच्याला बरं वाटतं. आता विचारत नाही. म्हणतो, मी काय सांगितलं ते मला करून दाखवा, माझ्याच आवाजात. चुकलं तर परत सांगतो. ह्यानं चुका बऱ्याच कमी झाल्या. फक्त आता नगर ते खर्डा, निम्मा जिल्हा माझी नक्कल करतो, आणि काही जणांची माझ्यापेक्षा चांगली होते.